मदत हवी आहे: एमपीटीला (फिजिओथेरपीच्या मास्टर्सला) स्पोर्ट्स घेऊ की न्यूरो?

नमस्कार मंडळी. मी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं पूर्ण. गेली दोन वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये काम करते. आता सीईटी सेलची पीजीपी-सीईटी, म्हणजे एमपीटीची प्रवेश परीक्षा, द्यायचं पक्कं केलंय, पण विषयावर अडलेय.

आमच्याकडे तालमीतली पोरं खूप येतात. परवा एक पैलवान आला. लिगामेंटचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले, घाव भरलेला, पण पाय सरळ उचलायला सांगितला की गुडघा दोन बोटं वाकलेलाच राहायचा. मांडीचा स्नायू पार सुकलेला. "ताई, मैदानात कवा उतरू?" एवढंच त्याचं विचारणं. त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून स्पोर्ट्स शिकावंसं वाटतं.

दुसरीकडे न्यूरोचे, म्हणजे लकव्याचे पेशंट. एका आजींनी चार महिन्यांनी स्वतःच्या हातानं वाटी धरली, त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. घरचे म्हणतात, ऑर्थो (हाडं-सांध्यांचा विषय) घे, क्लिनिक चालेल. मला ते पटत नाही.

ज्यांनी एमपीटी केलंय त्यांना विचारते: दोन वर्षांत प्रत्यक्ष पेशंट किती हाताळायला मिळतात? प्रबंधासाठी गाईड आधी बघावा की कॉलेज? आणि कऱ्हाडला प्रवेश मिळाला तर कोल्हापूरहून रोज एसटीनं जाणं झेपतं का, की हॉस्टेलच बरं? स्टायपेंडचंही खरं खरं सांगा. घरी पैशाचा हिशोब द्यायचाय.