मदत हवी आहे: ऑनलाइन ट्रेनिंग कोणी करतच नाही, काय करू?

खेकडा_रत्नागिरी: मंडळी, गेल्या महिन्यापासून आमच्याकडे सगळं ट्रेनिंग ऑनलाइन केलंय, लॉगिन दिले, व्हिडिओ आहेत, शेवटी टेस्ट आहे, तरी ९० पैकी ७ जणींनी पूर्ण केलं. १० दिवसांवर ऑडिट नि साहेब डोक्यावर बसलेत. लोकांना शिकायचंच नाहीये का? लवकर सांगा प्लीज.

लोटेवाला: कसलं ट्रेनिंग? ऑफिसवाले की प्लांटवाले?

खेकडा_रत्नागिरी: मासळी प्रोसेसिंग. कोळंबी सोलणाऱ्या, पॅकिंगवाल्या. हायजीन, हॅसपचं (खाण्याच्या मालात धोका कुठे येतो ते शोधून रोखायची पद्धत) बेसिक.

एमबीए_चिपळूण: फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं टॅम मॉडेल बघा. सिस्टिम कामाची वाटते का आणि सोपी वाटते का, यावर माणूस ती वापरतो, त्यातही कामाची वाटणं जास्त जड. फायदा समजावलात का?

लोटेवाला: कोळंबी सोलणारीला मॉडेल काय सांगताय राव. आमच्या केमिकल प्लांटात शिफ्टआधी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक, समोरासमोर. ऑनलाइन-बिनलाइन बंद करा.

एमबीए_चिपळूण: समोर बसून जांभया दिल्या की शिकले होय? रजिस्टरवर सह्या आमच्याकडेपण भरपूर होत्या.

सर्व्हरबुवा: मूडल टाका, ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, २००२ पासून चालू. ॲपमध्ये डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं. उबुंटूवर कसं टाकायचं लिहू का?

खेकडा_रत्नागिरी: नको हो, सिस्टिम हेड ऑफिसने घेऊन झालीय.

पेजभात: व्हिडिओ कुठल्या भाषेत? बघायचे कधी? फ्लोअरवर मोबाइल चालतो?

खेकडा_रत्नागिरी: हिंदीत. मोबाइल गेटवर जमा, म्हणून घरी जाऊन बघायचे, हे लिहायचं राहिलं. आणि ओटीपी बऱ्याच जणींचा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नंबरवर येतो.

तारकर्लीचो: मगे ओटीपी पण बोटीर गेलो! झील दर्यात, कोड त्याच्या खिशात, आवशीन शिकाचा कसा?

पेजभात: आठ तास उभं राहून बर्फात हात, घरी गेल्यावर चूल-पाणी, मग तुमचा व्हिडिओ, तोही बिनपगारी. मीपण नसता बघितला. जेवणानंतर पंधरा मिनिटं शिफ्टमध्येच द्या, कॅन्टीनला टीव्ही लावा, त्यांच्यातलीच एक जाणती मराठीत सांगेल. टेस्ट टॅबवर, ओटीपीऐवजी टोकन नंबर नि पिन मागून घ्या.

लोटेवाला: म्हणजे टूलबॉक्स टॉकच की!

बांगडा_फ्राय: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, माल नसतो, तेव्हाच उरकायचं ना. बाकी बंदी उठली तरी सुरमई एवढी महाग का?

खेकडा_रत्नागिरी: तेव्हा सिस्टिमच आली नव्हती. पिनसाठी मेल टाकलाय, उद्यापासून कॅन्टीन. टॅब दोनच आहेत पण. सुरमईचं मला विचारू नका.