इलेक्ट्रिक गाड्यांतली बटणं परत यायला हवीत का? (टचस्क्रीन विरुद्ध खटके)

नजर_रस्त्यावर
माझं मत आधीच सांगून टाकतो, गाडी पळत असताना ज्याला हात लावावा लागतो त्याला बटण, खटका किंवा गोल नॉबच हवा. वायपर, इंडिकेटर, हॅझर्ड, काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर, एसीचं तापमान, आवाज. बाकी सगळं खुशाल स्क्रीनवर टाका. नवीन इलेक्ट्रिक गाड्यांत ब्लोअर कमी करायचा तरी आधी खालची पट्टी शोधा, मग पंख्याचं चिन्ह, मग सरकपट्टी, आणि तेवढ्यात खड्डा आला की बोट भलतीकडेच पडतं. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या गाड्यांवरच्या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किमी वेगाने टेस्ट घेतली होती, सीट हीटर, डिफॉगर, रेडिओ वगैरे चार साधी कामं, आणि चालकांना गाडी समजून घ्यायला आधी वेळही दिला होता. २००५ ची जुनी व्होल्वो व्ही७० यात १० सेकंदांत मोकळी झाली, म्हणजे ३०६ मीटर. सगळ्यात मागे राहिली इलेक्ट्रिक एमजी मार्व्हल आर, तिला जवळपास ४५ सेकंद लागले, तेवढ्यात गाडी १३७२ मीटर पुढे गेलेली. सव्वा किलोमीटरच्या वर!

अपडेट_आलं_का
असहमत. टेस्ट सांगायची तर पूर्ण सांगा ना. त्याच यादीत व्होल्वो सी४० आहे, इलेक्ट्रिक आणि बरंचसं स्क्रीनवर, तिने १३.७ सेकंदांत कामं उरकली. आणि बीएमडब्ल्यू आयएक्स, जिच्यात बटणं बऱ्यापैकी आहेत, तिला ३० सेकंद लागले, टेस्लाच्या मॉडेल ३ पेक्षाही जास्त. म्हणजे घोळ मेन्यूच्या रचनेत आहे, टचस्क्रीनमध्ये नाही. वाईट रचना बटणांचीही असते, एकसारख्या दिसणाऱ्या वीस बटणांतून हवं ते शोधायलाही खाली बघावंच लागतं.
दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक गाडी विकत घेतल्यावरही बदलत राहते. चार्जरच्या वाटेवर बॅटरी आधीच गरम करून ठेवणं, चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचं, रिजेन (गाडी मंदावताना बॅटरीत परत भरली जाणारी ऊर्जा) किती ठेवायचं, यातल्या बऱ्याच सोयी नंतर अपडेटने येतात. कारखान्यातून निघताना बसवलेल्या बटणात त्या कुठून येणार?

नजर_रस्त्यावर
सी४० चा मुद्दा मान्य, ती रचना चांगलीच आहे. पण ती टेस्ट एकूण वेळ मोजते, त्यातला किती वेळ डोळे खाली होते ते नाही सांगत. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, ऐच्छिक आहेत पण विचार बरोबर आहे: गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त बघावं लागू नये आणि एका कामाला मिळून १२ पेक्षा जास्त नको. ११० च्या वेगाला २ सेकंद म्हणजे ६१ मीटर. नॉबला मात्र न बघता हात जातो, बोटाला कडा लागते, 'टक्' असं कळतं, काम झालं की नाही हे बघायला परत मान खाली घालावी लागत नाही. गुळगुळीत काचेवर हे कितीही सुंदर रचना केली तरी येणार नाही.
बॅटरी गरम करणं, चार्जिंगची मर्यादा, ही कामं थांबून करायची, ती स्क्रीनवरच ठीक. त्यांना बटण मागितलंय कुणी?

वायरिंगवाला
दोघेही पैशाबद्दल बोलत नाही आहात. प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वायर, जोडणी, टेस्टिंग, परत स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे असेल तसे वेगळे प्रकार. स्क्रीन तर लागणारच असते, अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. मग एकदा स्क्रीन बसवली की तिच्यावर अजून एक चिन्ह काढायला कंपनीला जवळपास काही लागत नाही, आणि ग्राहकाला हे 'मिनिमल इंटिरिअर' म्हणून विकता येतं. फोक्सवागनने आयडी.३ मध्ये आवाज आणि तापमानाच्या टच पट्ट्या दिल्या आणि त्यांना रात्री दिवाच नव्हता, अंधारात चाचपडा! लोकांनी इतकं झोडपलं की कंपनीला बटणं परत आणतोय असं सांगावं लागलं.

अपडेट_आलं_का
फोक्सवागनचं उदाहरण म्हणजे वाईट टच, त्यावरून सगळा टच वाईट कसा ठरतो? उलट बाजूचं घ्या, टेस्लाने २०२३ च्या नव्या मॉडेल ३ मध्ये इंडिकेटरची दांडी काढून स्टिअरिंगवर बटणं दिली, स्टिअरिंग फिरलं की तीही फिरतात आणि वळणात असताना डावं कुठलं उजवं कुठलं तेच कळत नाही. म्हणजे टच नसूनही गोंधळ.
आणि खरं उत्तर वेगळंच आहे, ऑटो वायपर, ऑटो हेडलाइट, तापमान एकदा लावलं की विसरा, बाकीचं बोलून सांगा. हात लावायची वेळच का यावी?

पावसात_गाडी
ऑटो वायपर असणाऱ्यांनी एकदा ट्रकच्या मागून चिखलाचा फवारा खाऊन बघा म्हणजे कळेल. सेन्सर विचार करतो तोवर समोर काहीच दिसत नाही, त्या क्षणी हाताखाली दांडीच हवी. जर्मनीत तर कोर्टापर्यंत गेलंय हे, टेस्लाच्या चालकाने जोरदार पावसात स्क्रीनवरून वायपरचा वेग बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली, २०२० मध्ये कार्ल्सरुहच्या कोर्टाने म्हटलं की टचस्क्रीनला मोबाइलसारखाच इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा नियम लागू. २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. रचना कंपनीची, शिक्षा चालकाला. मला हे अजिबात पटत नाही.
बोलून सांगायचं म्हणाल तर खिडकी उघडी, मागे मुलं ओरडतायत, आणि अशा वेळी काच धूसर झाली तर मी यंत्राशी संवाद साधत बसू का?
अजून एक, इलेक्ट्रिकमध्ये हे जास्त नडतं. पेट्रोल गाडीत हीटरला इंजिनची वाया जाणारी उष्णता मिळते, इथे सगळं बॅटरीतून, म्हणून रेंज कमी दिसायला लागली की माणूस सारखा हीटर-ब्लोअर कमीजास्त करतो. ज्या गाडीत तापमानाशी सगळ्यात जास्त खेळावं लागतं तिथेच ते मेन्यूत नेऊन ठेवलंय.

वायरिंगवाला
+१. शिवाय स्क्रीन गेली की सगळंच गेलं. टेस्लाला २०२१ मध्ये मॉडेल एस आणि एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आतली मेमरी चिप झिजून स्क्रीन बंद पडायची, मागचा कॅमेरा आणि काचेची वाफ घालवणं दोन्ही त्यात अडकलेलं.

अपडेट_आलं_का
चिप झिजणं हा सुट्या भागाचा दोष, तसा खटकाही झिजतो. पण रेंजचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तापमानाला नॉब द्या, हरकत नाही. युरो एनकॅपने (युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था) २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉलला खरी बटणं हवीत असं म्हटलंय, तेही मला चालतं. माझा विरोध आहे तो डॅशबोर्डभर बटणं पसरण्याला. सीट हीटर, आरसे, अँबियंट लाइट (आतले शोभेचे दिवे), ड्राइव्ह मोड, हे सगळं परत आणा म्हणणारे खूप जण आहेत आणि तिथे मी नाहीच म्हणणार.

पावसात_गाडी
आरसे आणि अँबियंट लाइट तुम्हाला दिले, घ्या. पण तुम्ही सांगितलेल्या त्या पाचात डिफॉगर नाहीये, बघा परत. वायपर काचेच्या बाहेरचं पाणी काढतो, आतली वाफ नाही. मी डिफॉगरसाठी भांडणार.