श्रद्धा आणि कॉन्फिडन्स
वर एका ताईंनी विचारलंय की रोज जप करूनही इंटरव्ह्यूत बोबडी वळते, त्यात एक्सेल येतं म्हणून ठोकून दिलेलं, मग श्रद्धेचा उपयोग काय. ताई, मी ठाण्याची, ऑफिस महापेला, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत रोज स्तोत्र म्हणते त्यामुळे प्रश्न एकदम आपला वाटला. पण जप धीर देतो हो, एक्सेल नाही शिकवत! आणि देवापुढे तरी येत नाही म्हणायला काय हरकत, तिथे थोडीच रेझ्युमे दाखवायचाय.

तुकोबांचंच बघा ना. आपण त्यांना डायरेक्ट संत म्हणूनच बघतो, पण 1630 च्या आसपासच्या त्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, धंद्यात तोटा आला त्याची लाज वाटली, हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून टाकलंय. पुढे तर म्हणतात की एकादशीला कीर्तन करायला लागलो तेव्हा अभ्यास नव्हता, मग संतांची वचनं विश्वासाने पाठ केली. म्हणजे येत नाही हे मान्य आणि जमेल हा भरवसा, दोन्ही एकदमच. आपण मात्र येत नाही ते लपवतो आणि वर देवावर सोडलं म्हणतो (आमच्या टीममध्ये असे बरेच आहेत, असो).

सोमवार सोडून कधीतरी सकाळी ठाण्यातल्या कोपिनेश्वरला, म्हणजे शंकराच्या देवळात, जाऊन बसा, सोमवारी फार गर्दी असते. आणि पुढचा इंटरव्ह्यू कधी आहे ते सांगा, रविवारी एक्सेलचं बेसिक मी दाखवते.