सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड : रोजच्या गोळ्या योजनेत याव्यात का?

खोडरबर (धागाकर्ता)
आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. वय ७० पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. पण ओपीडी नाही. औषधं मिळतात ती दाखल होण्याआधीचे ३ दिवस, मुक्कामात, आणि डिस्चार्जनंतर १५ दिवस.

अँजिओप्लास्टीचंच घ्या. स्टेंट घातल्यावर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर (गुठळी होऊ न देणारं औषध) साधारण ६ ते १२ महिने घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. स्टेंट सरकारचा, पहिले १५ दिवस सरकारचे, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. आणि गुठळी झालीच तर नवं पॅकेज (उपचाराची ठरावीक रक्कम) मंजूर! निदान ज्या आजारासाठी योजनेतून दाखल केलं, त्याची औषधं तरी वर्षभर द्या.

ताळेबंद
विरोध. विमा अनिश्चित खर्चासाठी असतो. रक्तदाबाची गोळी दरमहा लागणार हे ठरलेलंच आहे, त्यात विमा कसला? हिशोब बघा. सरकारच्या अंदाजाने लाभार्थी ६ कोटी. माणशी महिना ५०० रुपये धरले तरी वर्षाला ३६,००० कोटी. मंत्रिमंडळाने या विस्तारासाठी मंजूर केले होते ३,४३७ कोटी. शिवाय पाचशे रुपयांचा एकेक दावा तपासायला माणसं कुठून आणणार? खोट्या चिठ्ठ्यांना आमंत्रणच.

खोडरबर
सहा कोटींच्या सगळ्या गोळ्या मी मागितल्याच नाहीत, डिस्चार्ज झालेल्यांच्या मागतोय. आणि पायंडा आहे. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या कर्करोगाच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना योजनेत पॅकेज आहे. तिथे चालतं, मग हृदयाला का नाही?

परिचारिका_६४
वर्षभराचं राहू द्या, आहेत ते १५ दिवस तरी पदरात पाडून घ्या. डिस्चार्जच्या वेळी ५ दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून "बाकीच्या बाहेरून आणा" म्हणणं सर्रास चालतं. डिस्चार्ज कार्डावरची प्रत्येक गोळी दिवसाला किती वेळा ते बघून मोजा : टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असेल तर ३० गोळ्या हव्यात. मोजल्याशिवाय "सर्व सुविधा मिळाल्या" या कागदावर सही करू नका. कमी पडल्या तर आधी आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस), मग हेल्पलाइन १४५५५. बाहेरून आणायला लावलंच तर चिठ्ठी आणि पक्कं बिल जपा, त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

मुळा_मुठा
एक इशारा. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना ती योजना आणि हे कार्ड यांतून एकच निवडावं लागतं. तिथे दरमहाची औषधं मिळतात. ५ लाखांच्या आकड्याला भुलून ती सोडू नका. खासगी पॉलिसी मात्र चालते, ती ठेवून कार्ड काढता येतं.

ताळेबंद
मुद्दा पुन्हा सांगतो : औषधं द्या, पण विम्यातून नको. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथला साठा वाढवा. तमिळनाडू १९९४ पासून स्वतंत्र महामंडळातर्फे एकत्रित खरेदी करतं, २०२१ पासून मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच देतं. ना दावा, ना पॅकेज, ना पूर्वमंजुरी.

खोडरबर
तमिळनाडूचा साठा तमिळनाडूत. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची टेल्मिसार्टन संपली की अ‍ॅम्लोडिपिन देतात, पुढच्या महिन्यात उलट. मग अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले की म्हातारा माणूस गोळीच बंद करतो. जन औषधीत स्वस्त मिळतं, मान्य, पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराला परस्पर बदलून देता येत नाही. डॉक्टरांकडून मूळ घटकाचं नाव आणि मात्रा लिहून घ्यायलाच हवी. तीन औषधं एकत्र असलेली गोळी तिथे मिळेलच असं नाही, मग ती तीन सुट्या गोळ्यांत लिहून घ्या. इन्सुलिन घेणार असाल तर आधी विचारा : २ ते ८ अंशांत ठेवलेलं आहे का?

परिचारिका_६४
ताळेबंद, सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि ओपीडीची सोय न घेणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांना औषधपाण्याचा ठरावीक भत्ता महिना १,००० रुपये आहे, २०१७ पासून. म्हणजे दरमहाच्या औषधांसाठी दावा न तपासता पैसे देता येतात. मग शेतमजुराला का नाही?

ताळेबंद
कारण तो भत्ता नोकरीच्या अटींचा भाग आहे. तरीही, भत्ता म्हणून मागाल तर वाद घालणार नाही. विमा म्हणून मागाल तर घालणार.