मदत हवी आहे: वेबर्नच्या मॉडेलमध्ये सीओटू मार्ली थरात शिरतच नाही

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कॅनडातल्या सस्कॅचेवानमधलं वेबर्न तेलक्षेत्र घेतलंय. नॉर्थ डकोटातल्या कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) पाइपलाइनने आणून उरलेलं तेल काढण्यासाठी 2000 सालापासून तिथे जमिनीत सोडतात.

तेल साधारण 1,450 मीटर खोल आहे. वरचा मार्ली थर डोलोमाइटचा. सच्छिद्रता भरपूर, पण छिद्रं बारीक, त्यामुळे पार्यता (द्रव-वायू आरपार वाहू देण्याची क्षमता) कमी. खालचा व्हगी थर चुनखडकाचा. सच्छिद्रता तुलनेने कमी, पण पोकळ्या आणि भेगांमुळे प्रवाह सुसाट. तेल ढकलण्यासाठी 1960च्या दशकापासून पाणी सोडलं, त्यात व्हगी बऱ्यापैकी धुऊन निघाला आणि मार्लीत तेल अडकून राहिलं. सीओटूचा खरा रोख याच तेलावर आहे.

माझ्या संगणकीय मॉडेलमध्ये मात्र वायू भेगांतून थेट उत्पादन विहिरीकडे पळतो, मार्लीला जेमतेम शिवतो. उभी पार्यता वाढवली की वर चढतो, पण तो आकडा कशाच्या आधारे ठरवू? नुसता हिस्टरी मॅच (मॉडेलचे आकडे प्रत्यक्ष उत्पादनाच्या नोंदींशी जुळवणं) साधण्यासाठी वाढवणं मला पटत नाही.

दुहेरी सच्छिद्रतेचं मॉडेल (प्रवाह फक्त भेगांतून) घ्यावं की दुहेरी पार्यतेचं (भेगा आणि खडक दोन्हींतून प्रवाह)? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण मार्लीच्या मॅट्रिक्समधूनही (भेगांमधल्या अखंड खडकातूनही) प्रवाह होतोच. शिवाय सीओटू पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल बनतं आणि कॅल्साइट (चुनखडकातलं मुख्य खनिज) विरघळतो. इंजेक्शन विहिरीजवळचा हा बदल धरला नाही तर निकाल किती बिघडेल?

भेगा असलेल्या कार्बोनेट खडकांवर कुणी काम केलं असेल, तर पाणी आणि वायू आलटून पालटून सोडताना तुम्ही चक्राचा कालावधी कसा ठरवलात, तेही कृपया सांगा.