मदत हवी आहे: बाळ दूधच ओढत नाहीये

लोकमान्यनगरची_आई (इंदूर): परवापासून सर्दी, आज छातीत घरघर. डॉक्टर ब्रॉन्कियोलायटिस म्हणाले आणि नाकात घालायला नुसते सलाईनचे थेंब दिले. अँटिबायोटिक नाही, खोकल्याचं औषध नाही! दोन घोट घेतो आणि रडून सोडतो. रात्र कशी काढू? लवकर सांगा.

रामबागकर: वय किती? ताप? शू शेवटची कधी केली?

सराफ्यातली_आजी: अगं, ओव्याची धुरी दे. माझी तिन्ही लेकरं त्यावरच वाढली.

वॉर्डातली_ताई: आजी, रागावू नका, पण धूर अजिबात नको. या आजारात फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजून चिकट्याने भरतात, धुराने दम वाढेल. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. बहुतेक वेळा हा आरएसव्ही विषाणू असतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. डॉक्टरांनी योग्य केलं. वय सांगा ना!

लोकमान्यनगरची_आई: सात महिने. ताप १००. शू संध्याकाळी पाचला.

महूनाका_काका: नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) घेऊन टाका. नातवाला तासाभरात आराम पडला.

रामबागकर: काका, त्याला दमा होता. हे वेगळं आहे.

महूनाका_काका: घरघर ती घरघर.

 

वॉर्डातली_ताई: नाक चोंदलंय म्हणून ओढता येत नाहीये. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा. मग नाक साफ करायचा रबरी फुगा आधी दाबून नाकाशी धरा आणि हळूच सोडा. थोडं थोडं, पण सारखं पाजा. झोपला की झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ५०च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन. ६०च्या वर, बरगड्यांखाली खड्डा, कण्हणं, निळे ओठ, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध किंवा १२ तास शू नाही, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना गाठा. तिसरा ते पाचवा दिवस जड जातो आणि तुमचा तिसरा आहे.

सराफ्यातली_आजी: मग मध तरी चाटव.

वॉर्डातली_ताई: वर्षाच्या आत मध नाही, आजी.

लोकमान्यनगरची_आई: नाकातून दोरीसारखा चिकटा निघाला. आठ मिनिटं प्यायला! श्वास ५४. पण प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली आत ओढलं जातंय.

वॉर्डातली_ताई: आत्ता निघा. मांडीवर उभा धरा, गुंडाळू नका. वाटेत थकल्यासारखा वाटला तर १०८ची रुग्णवाहिका बोलवा.

रामबागकर: एमवाय हॉस्पिटलला जात असाल तर राजवाड्याकडून नका जाऊ, सराफ्याची गर्दी असेल.

लोकमान्यनगरची_आई: निघालो.