क्लस्टरला काय म्हणावं? गठ्ठा, पुंजका की बेट?

गोदाकाठ: भाषांतरात अडकलोय. बीड जिल्ह्याचा गावनिहाय नकाशा आहे, लोकसंख्येतली घट-वाढ आणि मतदानाची टक्केवारी दाखवणारा. सारखे आकडे असलेली गावं शेजारी-शेजारी सापडली की मूळ लेखात त्याला 'क्लस्टर' म्हटलंय. मी 'गठ्ठा' लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल रेघ मारली.

दख्खनी: बरोबर मारली. 'गठ्ठा मतदान' म्हटलं की कुणीतरी सांगितलं आणि गावानं टाकलं, असा वास येतो. मोरानचा निर्देशांक, म्हणजे शेजारच्या गावांचे आकडे किती सारखे ते सांगणारं माप, हेतू सांगत नाही, फक्त शेजार मोजतो. 'पुंजका' घ्या.

जुनी पाटी: पुंजका कापसाचा असतो. 'समूह' हा रुळलेला शब्द असताना हे कशाला?

शेंगदाणा: 'समूह' म्हटलं की बचत गट डोळ्यांपुढं येतो, काका. क्लस्टरच ठेवा की!

तूरदाळ: बांबूचं बेट म्हणतो ना आपण? मग 'बेट' कामून नको?

दख्खनी: कारण अ‍ॅन्सेलिनच्या १९९५ च्या, एकेका गावाची शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या पद्धतीत भरघोस मतदानाच्या गावांत एकटंच कमी मतदानाचं गाव वेगळं काढता येतं. खरं बेट ते. पुंजक्यालाही बेट म्हटलं तर वाचक बुडालाच.

ढेकूळ: शब्द राहू द्या, आकडे बघा. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. तेव्हा आमच्या गावात म्हातारे आणि शाळेतली पोरं; कोयते सगळे कारखान्यावर. तुमचा 'घट'वाला पुंजका आधी तिथं तपासा.

जुनी पाटी: 'शिरगणती', वा! निजामाच्या अमलात आमचे आजोबा 'मर्दुमशुमारी' म्हणायचे.

गोदाकाठ: पण कोयते कारखान्यावर म्हणजे? अवजारं?

ढेकूळ: माणसं हो, ऊस तोडणारी. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर देतो.

जुनी पाटी: मग 'जोडी' म्हणावं. माणसाला अवजाराचं नाव देणं बरं नव्हे.

ढेकूळ: काका, वडील गेल्यावर मुकादमानं वहीत आईपुढं 'अर्धा कोयता' लिहिलं. उचलही निम्मी. तिथं 'अर्धी जोडी' लिहायची का?

शेंगदाणा: आमच्या मामाच्या गावातही अर्धा कोयताच म्हणतात.

गोदाकाठ: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. पुंजका की क्लस्टर?

तूरदाळ: बेट.